युद्धकवितेतील आई : शोक, स्मरण आणि सत्य

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज बोलण्यासाठी मी निवडलेला विषय आपल्यापैकी काहींना थोडा अनोळखी वाटेल. युद्धावरची कविता म्हटली की आपल्या कानांत डफाची थाप घुमू लागते. पोवाड्यातील शूर सरदार, त्याची तलवार, त्याचा पराक्रम डोळ्यांपुढे उभा राहतो. त्या कवितेत आई असते, नाही असे नाही. पण ती बहुधा दारात उभी असते. मुलाच्या कपाळाला टिळा लावते, त्याला निरोप देते आणि मग कवितेतून निघून जाते. मुलगा परत आला नाही तर पुढची तीस-चाळीस वर्षे त्या बाईने काय केले, हे विचारण्याची गरज कवीला फारशी वाटत नसे. विसाव्या शतकात, विशेषतः १९१४ ते १९१८ च्या पहिल्या महायुद्धात, खंदकात लढणाऱ्या काही तरुण इंग्रज कवींनी हा प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्या कवींविषयी, त्यांच्या आयांविषयी, आणि त्यातून आपण काय घ्यायचे याविषयी मी आज बोलणार आहे.

सुरुवातीला एक कसोटी ठरवून घेऊ. ती आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. किसा गोतमीचे एकुलते एक बाळ दगावले. ते मृत बाळ कडेवर घेऊन ती दारोदार औषध मागत फिरत होती. तथागतांनी तिला सांगितले, ज्या घरात कोणीही मेलेले नाही अशा घरातून मोहरीचे दाणे घेऊन ये. ती घरोघर गेली. मोहरी प्रत्येक घरात होती, पण मृत्यू न पाहिलेले घर एकही नव्हते. या कथेतून अनित्यतेचा बोध घ्यायचा हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मला आज तिच्यातील दुसऱ्या दोन गोष्टींकडे आपले लक्ष वेधायचे आहे. पहिली गोष्ट अशी की, तथागतांनी त्या आईला खोटा दिलासा दिला नाही. बाळ स्वर्गात सुखी आहे, असे ते म्हणाले नाहीत. दुसरी गोष्ट अशी की, त्यांनी तिला एकटे ठेवले नाही. इतरांच्या दारी पाठवून तिचा शोक इतरांच्या शोकाशी जोडून दिला. सत्य आणि सोबत, या दोन गोष्टींवर ती आई पुन्हा उभी राहिली. शोक करणाऱ्या आईपुढे आलेला प्रत्येक माणूस, मग तो कवी असो, सेनापती असो की सरकार असो, या कसोटीवर घासून पाहता येतो.

मात्र एक फरक आधीच सांगून ठेवतो. किसा गोतमीचे बाळ कोणी मारले नव्हते. युद्धात मेलेला मुलगा माणसांनी घेतलेल्या निर्णयामुळे मेलेला असतो. तिथे ‘मृत्यू कोणाला चुकला आहे?’ एवढे म्हणून भागत नाही. अनित्यतेचे तत्त्व हे युद्ध पुकारणाऱ्यांच्या सुटकेसाठी सांगितलेले नाही.

आता १९१४ सालच्या इंग्लंडकडे वळू. युद्ध सुरू झाले तेव्हा तिथे सक्तीची लष्करभरती नव्हती; ती १९१६ मध्ये आली. तोवर स्वेच्छेने भरती होणारी मुले हवी होती, आणि त्यासाठी आयांची संमती हवी होती. वर्तमानपत्रांतून तरुणांना रणांगणावर बोलावणाऱ्या, मागे राहणाऱ्यांना लाजवणाऱ्या पद्यांचा पूर आला. जेसी पोप ही बाई अशा पद्यांसाठी प्रसिद्ध होती. १९१६ मध्ये एका लंडनच्या दैनिकात ‘एक लहानशी आई’ अशा सहीचे पत्र छापून आले. आम्ही आयांनी आपली मुले आनंदाने दिली आहेत, आता तहाची भाषा नको, असा त्या पत्राचा सूर होता. पुढे त्याची पुस्तिका निघाली आणि आठवड्याच्या आत तिच्या ७५,००० प्रती खपल्या, अशी नोंद रॉबर्ट ग्रेव्ह्ज या सैनिक-कवीने आपल्या १९२९ च्या आत्मचरित्रात केली आहे. ती पुस्तिका खरोखर एखाद्या आईने लिहिली की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवू. महत्त्वाचे हे की, आईच्या दुःखाचा उपयोग युद्ध चालू ठेवण्यासाठी करता येतो, हे लोकांना कळले होते.

याला कवितेतून उत्तर देणाऱ्यांत सिगफ्रीड ससून हा कवी पुढे होता. ससून हे नाव आपल्याला परके नाही. पुण्याचे ससून रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभे राहिले, त्या डेव्हिड ससून यांचा हा पणतू. हा इंग्लंडमध्येच वाढला, सैन्यात अधिकारी झाला, शौर्यपदक मिळवले, आणि १९१७ मध्ये हे युद्ध मुद्दाम लांबवले जात आहे, असे जाहीर निवेदन काढून त्याने खळबळ उडवून दिली. त्याची ‘द हीरो’ नावाची एक छोटी कविता आहे. एक लष्करी अधिकारी मेलेल्या सैनिकाच्या आईला भेटायला येतो. वरिष्ठांचे पत्र तिच्या हाती देतो. मुलगा शूरासारखा गेला, असे तोंडानेही सांगतो. म्हातारीचे डोळे अभिमानाने भरून येतात. अधिकारी बाहेर पडतो आणि मग वाचकाला कळते की, हे सारे खोटे होते. तो मुलगा घाबरून गेला होता, कसेही करून घरी जायची धडपड करत होता, आणि शेवटी स्फोटात त्याच्या चिंधड्या झाल्या. त्याच्या मरणाचे कोणालाच काही वाटले नाही. वाटले ते फक्त त्या पांढऱ्या केसांच्या एकट्या बाईला.

मित्रहो, ही कविता पहिल्यांदा वाचणाऱ्याला कवी निर्दय वाटतो. आईला थोडे खोटे सांगितले तर बिघडले कुठे? तो अधिकारी दुष्ट नाही. त्याला तिची कीव आली आहे. पण थोडा विचार करून पाहा. त्या आईचा मुलगा घाबरत होता. खरे म्हणजे तो तिचाच मुलगा होता. लहानपणी अंधाराला घाबरला तर तिच्याच कुशीत शिरला असेल. सैन्याने तिला जो मुलगा परत दिला, तो तिचा नव्हताच. तो पत्रातला, छापील शूर होता. म्हणजे तिचा मुलगा एकदा खंदकात मेला आणि दुसऱ्यांदा तिच्या दिवाणखान्यात. शिवाय अशी पत्रे घरोघर जात राहिली, म्हणून शेजारच्या घरातील आईनेही आपला पुढचा मुलगा अभिमानाने पाठवला.

ससूनने आणखी एक पाऊल पुढे टाकले. ‘ग्लोरी ऑफ विमेन’ या कवितेत तो इंग्लंडमधील स्त्रियांना कठोर शब्द सुनावतो, आणि शेवटच्या ओळींत अचानक एका जर्मन आईकडे वळतो. ती शेगडीजवळ बसून मुलासाठी मोजे विणते आहे, आणि इकडे त्या मुलाचे प्रेत चिखलात तुडवले जात आहे. शत्रूलाही आई असते, हे ऐन युद्धात, १९१७ मध्ये लिहायला धैर्य लागते. करणीय मेत्त सुत्तात, आई आपल्या एकुलत्या एका लेकराला जिवापाड जपते तशी भावना सर्व प्राणिमात्रांविषयी असावी, असे सांगितले आहे. मैत्रीचे माप म्हणून तथागतांनी राजाचे औदार्य किंवा योद्ध्याची निष्ठा घेतली नाही. आईचे वात्सल्य घेतले. पण ते एका लेकरापुरते ठेवले नाही, हे महत्त्वाचे. आपल्या मुलासाठी रडणारी आई शत्रूच्या आईचे रडणे ऐकू शकली, की युद्धाचा पाया हलू लागतो.

आता मी माझ्या भाषणाच्या मुख्य भागाकडे येतो. विल्फ्रेड ओवेन आणि त्याची आई सुसान ओवेन. ओवेनचा जन्म १८ मार्च १८९३ चा. घरची स्थिती बेताची, वडील रेल्वेत नोकरीला. आई अत्यंत धार्मिक. मुलाचे तिच्याशी इतके जवळचे नाते, की त्याची सहाशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत आणि त्यांतली बहुसंख्य आईला लिहिलेली आहेत. तो १९१५ मध्ये सैन्यात गेला. १९१७ च्या जानेवारीत आघाडीवर पोहोचला. काही महिन्यांतच तोफांच्या माऱ्याने मनावर आघात होऊन त्याला एडिंबरोजवळच्या लष्करी रुग्णालयात हलवावे लागले. तिथे त्याला ससून भेटला आणि त्याच्या कवितेला धार आली.

आईला लिहिलेल्या पत्रांत ओवेनने खंदकातील चिखल, थंडी, प्रेते, यातले फार काही लपवले नाही. ख्रिस्ताने हिंसेला विरोध केला असताना धर्मगुरू युद्धाला आशीर्वाद कसा देतात, हा प्रश्नही त्याने धर्मनिष्ठ आईलाच विचारला. ससूनच्या कवितेतील अधिकारी आईला खोटे सांगून सांभाळतो. ओवेन आपल्या आईला खरे सांगून सोबत घेतो. त्याच्या ‘एस. आय. डब्ल्यू.’ या कवितेत एक सैनिक खंदकातले जिणे सहन न होऊन स्वतःच्याच बंदुकीने जीव देतो, आणि सोबती त्याच्या आईला एवढेच कळवतात की मरताना त्याच्या चेहऱ्यावर हसू होते. अशा पत्रांचा ओवेनला किती तिटकारा होता, ते यावरून दिसते.

१९१८ च्या ऑगस्टअखेर तो पुन्हा आघाडीवर गेला. निरोपाच्या दिवशी मायलेक समुद्रापलीकडच्या फ्रान्सकडे पाहत उभे होते. त्या वेळी त्याने रवींद्रनाथ ठाकुरांच्या इंग्रजी ‘गीतांजली’तील, जगाचा कृतज्ञतेने निरोप घेणाऱ्या एका कवितेचे शब्द म्हटले. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी उत्तर फ्रान्समधील ओर्स गावाजवळ कालवा ओलांडताना तो मारला गेला. वय २५. बरोबर एका आठवड्याने, ११ नोव्हेंबरला युद्ध थांबले. श्रूजबरी शहरात विजयाच्या घंटा वाजत होत्या, आणि त्या आवाजातच ओवेनच्या घरी मृत्यूची तार पोहोचली. त्याच्या वस्तू परत आल्या, तेव्हा खिशातल्या वहीत रवींद्रनाथांचे तेच शब्द त्याच्या हस्ताक्षरात, खाली कवीच्या नावासह, आईला सापडले. १९२० मध्ये रवींद्रनाथ लंडनला आल्याचे कळल्यावर त्या माउलीने धीर करून त्यांना पत्र लिहिले, ही सारी हकिकत कळवली, आणि ही कविता तुमच्या कोणत्या पुस्तकात पूर्ण सापडेल, असे विचारले. एका इंग्रज आईने मुलाच्या आठवणीसाठी एका गुलाम देशातील कवीचा दरवाजा ठोठावला. किसा गोतमी घरोघर फिरली, त्याच वाटेवरचे हे एक घर, असे मला वाटते.

याच आईची दुसरी एक कृती मात्र आपल्याला विचारात पाडते. ओर्स गावच्या दफनभूमीत ओवेनची कबर आहे. इंग्रज सरकारच्या युद्धकबर आयोगाने मृत सैनिकाच्या आप्तांना दगडावर एक ओळ कोरून घेण्याची मुभा दिली होती. ती ओळ जास्तीत जास्त ६६ अक्षरांची असावी, असा नियम होता. सुसान ओवेन यांनी मुलाच्याच ‘द एंड’ या कवितेतील शब्द निवडले. त्या कवितेत कवी विचारतो की, या देहांना पुन्हा जीवन मिळेल का, परमेश्वर मृत्यूच नाहीसा करील का, सगळे अश्रू पुसले जातील का? सगळे प्रश्न आहेत. आणि कवितेत पुढे काळ आणि पृथ्वी जे उत्तर देतात, ते नकाराचे आहे. कबरीवर मात्र दुसरा प्रश्न अर्ध्यात तोडला गेला आणि त्याचे प्रश्नचिन्ह गळाले. त्यामुळे दगडावर वाचणाऱ्याला वाटते, कवी खात्रीने सांगतो आहे की परमेश्वर मृत्यू नाहीसा करील. मुलाची शंका आईच्या हातून श्रद्धा झाली.

या आईला दोष द्यायला माझी जीभ धजत नाही. अक्षरांची मर्यादा होती. तिची श्रद्धा खरी होती. शिवाय मुलाच्या कबरीवर प्रश्नचिन्ह कोरून घेण्याचे बळ कोणत्या आईत असते? पण कवीची इच्छा वेगळी होती. आपल्या नियोजित संग्रहासाठी लिहून ठेवलेल्या प्रस्तावनेत त्याने स्पष्ट म्हटले होते की, ही शोकगीते या पिढीचे सांत्वन करण्यासाठी नाहीत. कवी आज फक्त सावध करू शकतो. मुलगा सावध करू पाहतो आणि आईला सांत्वन हवे असते. दोघांचेही बरोबर आहे, आणि दोन्ही एकाच दगडावर मावत नाही. म्हणून उरलेले काम वाचकाचे आहे. आईचे सांत्वन आईकडे राहू द्यावे; प्रश्नचिन्ह मात्र आपण जपून ठेवावे.

शत्रूपक्षाकडे पाहिले तर तिथेही अशीच एक आई दिसते. कॅथे कोलविट्झ ही जर्मन चित्रकर्ती आणि शिल्पकर्ती. तिचा मुलगा पीटर १८ वर्षांचा. त्याला स्वेच्छेने भरती व्हायचे होते, त्यासाठी वडिलांची परवानगी लागत होती. वडील तयार नव्हते. आईने त्यांना राजी केले. ऑक्टोबर १९१४ मध्ये, घर सोडल्यावर थोड्याच दिवसांत, पीटर बेल्जियममध्ये मारला गेला. ही बोचणी तिला जन्मभर पुरली. १९१८ च्या ऑक्टोबरात रिचर्ड डेमेल या नामवंत कवीने आणखी स्वयंसेवकांना हाक दिली, तेव्हा या आईने वर्तमानपत्रात उघड पत्र लिहून त्याला विरोध केला. बियाणेच दळून टाकले तर पेरायचे काय, या आशयाच्या गटेच्या वचनाचा तिने आधार घेतला. मुलाच्या दफनभूमीत तिने जे शिल्प १९३२ मध्ये बसवले, त्यात झेंडा नाही, बंदूक नाही, सैनिकही नाही. गुडघे टेकून बसलेले आई-बाप आहेत. आणि त्या आईचा चेहरा तिचा स्वतःचा आहे.

आता आपल्या देशाकडे येऊ. पहिल्या महायुद्धात भारताचे सुमारे ७४,००० सैनिक कामी आले. सरोजिनी नायडू यांनी १९१५ मध्ये ‘द गिफ्ट ऑफ इंडिया’ ही कविता लिहिली. तिच्यात भारतमाता बोलते. परदेशच्या मातीत पुरलेल्या आपल्या मुलांचा तिला अभिमानही आहे आणि दुःखही, आणि शांतता आल्यावर या मुलांचे रक्त विसरू नका, असे ती जगाला बजावते. कविता तिच्या काळात मोलाची होती. पण ती आई म्हणजे देश आहे. कोकणातल्या, घाटावरच्या, पंजाबातल्या गावात बसलेली, अक्षरओळख नसलेली, मुलाचे पत्र दुसऱ्याकडून वाचून घेणारी आई तिच्यात बोलत नाही.

आणि जगाने आठवण ठेवली का? ज्या युद्धकबर आयोगाचा मी उल्लेख केला, तो १९१७ मध्ये स्थापन झाला. हुद्दा, वंश, धर्म असा भेद न करता प्रत्येक मृताचे स्मरण सारखेच करायचे, हे त्याचे तत्त्व. कागदावर ते सुंदर होते. पण त्याच आयोगाने नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये कबूल केले की, आशिया व आफ्रिकेतील ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण गोऱ्या सैनिकांच्या बरोबरीने झाले नाही, आणि किमान १,१६,००० जणांची तर नावेच कुठे कोरली गेली नाहीत. हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही जाऊ शकतो. यांत भारतीय आहेत, आफ्रिकी आहेत. इंग्लंडच्या सरकारने त्याबद्दल संसदेत माफी मागितली. म्हणजे मेल्यावरही पंगत वेगळी होती. आपल्याला याचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको.

दगडावर कोरलेल्या नावाची किंमत आपला समाज जाणतो. कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ प्रत्ययाची नावे कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, आणि त्या नावांतून आपल्याला आपल्या पूर्वजांचा इतिहास परत मिळाला. नाव उरले म्हणून इतिहास उरला. पण त्या प्रत्येक नावामागे एक आई होती. तिचे नाव कोणत्याही स्तंभावर नाही. तिने मुलाला कसे आठवले, ते कोणत्या सरकारी दप्तरात सापडणार नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, शेवटी तुमच्यासाठी एक काम सांगतो. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हापासून आपल्यातील कितीतरी घरांतले पुरुष सैन्यात गेले. काही परतले नाहीत. अशा घरातील आजीजवळ, मावशीजवळ, आत्याजवळ बसा. बातमी कशी आली, तार कोणी वाचून दाखवली, त्या दिवशी चूल पेटली का, सांत्वनाला आलेले लोक काय म्हणाले, आणि त्यातले काय तिला पटले नाही, हे विचारा. ती जात्यावरच्या ओव्या म्हणत असेल तर त्या तिच्याच बोलीत, तिच्याच उच्चारात उतरवून घ्या. पुस्तकी भाषेत सुधारू नका. तिचे नाव आणि गाव वर लिहा. तिने एखादा अवघड प्रश्न विचारला, तर उत्तर देण्याची घाई करू नका. प्रश्न जसाच्या तसा, प्रश्नचिन्हासकट लिहून ठेवा.

तथागतांनी किसा गोतमीला खोटे सांगितले नाही. आपणही आपल्या आयांना खोटे सांगू नये, आणि त्यांचे खरे दडपून टाकू नये, एवढेच मला सांगायचे होते. 

जयभीम.